कलाकारांच्या मेळ्याची वेबसाइट कशी करावी: दोन वर्षांच्या चुकांसकट

पहिल्या वर्षी मेळ्याच्या दिवशी सकाळी साडेसातला फोन वाजला. "ताई, महालक्ष्मीतून उतरलोय. आता कुठं यायचं?" म्हटलं, साइटवर आहे की सगळं. पलीकडून शांतपणे उत्तर आलं, "ती उघडंना झालीया. नुसता ब्रश फिरतोय."

तो ब्रश माझा होता. तीन रात्री जागून केलेला. साइट उघडली की एक जाड ब्रश डावीकडून उजवीकडे जायचा, शाईचा फराटा उमटायचा आणि त्यातून मेळ्याचं नाव वर यायचं. घरच्या वायफायवर बघताना माझ्याच अंगावर काटा यायचा. कोल्हापूर स्टेशनबाहेर एक काडी रेंज असलेल्या फोनवर तो आठ एमबीचा फराटा उमटेपर्यंत माणूस रिक्षात बसून भलत्याच सभागृहापाशी उतरलेला असायचा. त्या सकाळी मला असे एकोणीस फोन आले. पत्ता साइटवर होता, पण ब्रशच्या खाली, 'आमच्याविषयी'च्याही खाली.

मी कोल्हापुरात वेबसाइटी करते. दवाखाने, शाळा, गूळवाले, चप्पलवाले ही माझी नेहमीची गिऱ्हाइकं. मेळा हे घरचं कार्य. चित्रं काढणारी, अक्षरं काढणारी, कॉमिक्स करणारी आणि दुकानांच्या पाट्या रंगवणारी मंडळी जानेवारीत दोन दिवस एकत्र येतात. दोनशे वीस खुर्च्या, वर कार्यशाळेची एक खोली आणि अंगणात चित्रांचा छोटा बाजार. पैसा कुणाकडेच नाही, त्यामुळे साइट माझ्या गळ्यात. तुमच्या गावात असं काही ठरत असेल आणि साइटचं काम तुमच्याकडे आलं असेल, तर मी दुसऱ्या वर्षी जसं केलं तसं करा. पहिल्या वर्षीचंही सांगते, कारण तुमचाही हात आधी ब्रशकडेच जाणार आहे.

संगणक उघडायच्या आधी

समितीतल्या सगळ्यांचे फोन मागून घ्या. मेळ्याबद्दल व्हॉट्सॲपवर आलेला प्रत्येक प्रश्न चिठ्ठीवर उतरवा, विचारणाऱ्याच्याच शब्दांत. माझ्याकडे त्रेसष्ट चिठ्ठ्या झाल्या. त्या घरच्या फरशीवर पसरून ढीग लावले. "मी नुसती बघायला आले तर चालेल का, मला चित्र येत नाही." "मुलगी नववीत आहे, एकटी पाठवू का?" "जेवण आहे का आपलं आपण?" "स्टॉल किती बाय किती?" "रविवारी संध्याकाळी सहाची गाडी आहे, शेवटचं भाषण चुकेल का?"

'मेळ्यामागची भूमिका काय?' असं एकानेही विचारलं नव्हतं. पहिल्या वर्षी मी भूमिकेला पूर्ण स्क्रीन दिली होती.

ढीग पडले चार. काय आहे आणि माझ्यासाठी आहे का. कधी, कुठे, कसं पोचायचं. पैसे किती, जागा कशी राखायची. आणि मला काही करायचं असेल, म्हणजे स्टॉल, व्याख्यान, स्वयंसेवक. साइटीची पानंही चारच झाली. पाचवं पान करावंसं वाटलं की मी विचारते, याची चिठ्ठी कुठाय?

पहिली स्क्रीन

मोबाइल हातात घेतल्यावर अंगठा न हलवता जेवढं दिसतं तेवढ्यात पाच गोष्टी बसल्या पाहिजेत: नाव, तारीख, ठिकाण, हे नक्की काय आहे ते सांगणारं एक वाक्य आणि जागा राखण्याचं बटण. तारीख वारासकट आणि सालासकट लिहा: शनिवार-रविवार, ११ व १२ जानेवारी २०२५. साल लिहिलं नाही तर पुढच्या वर्षी जुनी लिंक फिरते आणि कुणीतरी रिकाम्या सभागृहाच्या दारात उभा राहतो.

त्या एका वाक्यावर आमची दोन तास बैठक झाली. पहिला मसुदा होता, 'सर्जनशील मनांचा अनोखा उत्सव'. मी तो माझ्या मावशीला वाचून दाखवला. ती म्हणाली, "म्हणजे ऑर्केस्ट्रा का?" शेवटी गेलं ते असं: 'चित्रं, अक्षरं, कॉमिक्स आणि पाट्या करणाऱ्यांचे दोन दिवस. सहा व्याख्यानं, चार कार्यशाळा, एक बाजार. बघायला कुणीही या.' शेवटचे तीन शब्द चिठ्ठीतून आले होते. त्यांच्यामुळे आलेली माणसं मी दारात ओळखू शकत होते. ती आधी विचारायची, "आम्हाला चित्र येत नाही, तरी चालतंय न्हवं?"

समितीत सगळेच कलाकार असतील तर

दवाखान्याची साइट करताना डॉक्टर म्हणतात, "तुम्ही बघा काय ते." इथे अकरा जणांची समिती आणि अकराही जणांना रंगातलं कळतं. एकाला मातीचा रंग हवा, एकाला हळदीचा, तिसरा म्हणतो पांढराच ठेवा, श्वास घेऊ दे. सगळ्यांचं ऐकलं तर साइटीची गोधडी होते. मी एकदाच बैठक घेतली आणि कागदावर तीन ओळी लिहून सह्या घेतल्या: रंग दोन, फॉन्ट दोन, चित्र कुणाचं. यानंतर बदल फक्त मजकुरात. हसले सगळे, पण सह्या केल्या. पुढे हळद-मातीचा वाद निघाला तेव्हा तो कागदच कामी आला.

रंग निवडताना एक मोजमाप पाळा. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्यातल्या उजळपणाचं गुणोत्तर निदान ४.५ ला १ असावं. सुगम्यतेच्या, म्हणजे साइट सगळ्यांना वापरता यावी यासाठीच्या, जागतिक निकषांत नेहमीच्या आकाराच्या मजकुरासाठी तेच धरलेलं आहे आणि ते मोजून देणारी साधनं फुकट मिळतात. आमचं पिवळ्यावर पांढरं पोस्टरवर देखणं दिसायचं. अंगणात, जानेवारीच्या का होईना पण दुपारच्या उन्हात, फोनवर काहीच दिसेना.

आणि पोस्टर म्हणजे साइट नव्हे. पोस्टरची जेपीईजी होमपेजला चिकटवून 'झाली की साइट' म्हणणारे भेटतात. त्या चित्रातली अक्षरं शोधता येत नाहीत, कॉपी होत नाहीत, मोठी केली तर फाटतात आणि न दिसणाऱ्या माणसाचा फोन ती वाचून दाखवू शकत नाही. पोस्टर जरूर टाका, पण त्यातला प्रत्येक शब्द खाली मजकूर म्हणूनही लिहा.

अक्षरांचं प्रकरण

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण अक्षरवाल्यांच्या मेळ्याच्या साइटीवर अक्षर चुकलं तर तोंड दाखवायला जागा राहत नाही.

पाहुण्यांच्या रांगेत पाट्या रंगवणारे एक काका होते, पंचाहत्तरीचे. मी कौतुकाने त्यांना फोनवर त्यांचं पान दाखवलं. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, फोन नाकाजवळ नेला आणि म्हणाले, "ल आपला न्हाई ह्यो." मला आधी कळलंच नाही. त्यांनी माझ्या वहीत पेनाने दोन ल काढले. एक उजवीकडे उभा दांडा असलेला, हिंदीत चालतो तो. दुसरा आपला, दोन पाकळ्यांचा. मग दोन श काढले. देठाचा श दाखवून म्हणाले, "शाळंत ह्यो शिकवत्यात, आन् तुमच्या कंपूटरला त्यो येतोय." महाराष्ट्र शासनाने नोव्हेंबर २०२२मध्ये वर्णमालेचा निर्णय काढला, त्यातही मराठीसाठी पाकळीचा ल आणि देठाचा श हेच आहेत. काकांना निर्णयाचं कुणी सांगितलं नव्हतं. त्यांच्या हातात तो आधीपासून होता.

चूक कुठे होती ते घरी येऊन बघितलं. बऱ्याच चांगल्या देवनागरी फॉन्टांत दोन्ही रूपं भरलेली असतात. कुठलं दाखवायचं हे ब्राउझर पानाच्या भाषेवरून ठरवतो. मी जुन्या कामातून साचा उचलला होता आणि पानाच्या कोडच्या, म्हणजे एचटीएमएलच्या, पहिल्याच ओळीत भाषा 'इंग्रजी' राहिली होती. तिथे मराठीचा दोन अक्षरी संकेत, एमआर, घातला आणि ल-श आपोआप जागेवर आले. याचा दुसरा फायदा म्हणजे पान वाचून दाखवणारं सॉफ्टवेअरही मराठी उच्चार धरतं. एवढं करूनही बदललं नाही तर त्या फॉन्टात मराठी रूपं नाहीत असं समजा आणि फॉन्ट बदला. 'एक टाइप' या फॉन्ट करणाऱ्या संस्थेचा मुक्ता मजकुराला चांगला आहे, बारीकपासून जाडपर्यंत सात वजनांत येतो. टिरो देवनागरीचा मराठीसाठी वेगळाच फॉन्ट आहे, लांब लेखांना तो पुस्तकासारखा दिसतो. मथळ्याला गुबगुबीत काही हवं तर बलू. हे सगळे खुल्या परवान्याचे, गूगल फॉन्ट्सवर फुकट.

फॉन्ट ठरवण्याआधी मी एक ओळ लिहून बघते: 'दुसऱ्या ॲनिमेशन कार्यशाळेत ऱ्हस्व-दीर्घ, क्ष, ज्ञ, द्व, राष्ट्र, कॅलिग्राफी, ऑक्टोबर, बाळ'. यात कुठे अक्षर तुटलं, ऱ्या वेडावाकडा झाला, ॲच्या जागी डबा आला, तर तो फॉन्ट बाद. ॲ हे अक्षर युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या अक्षरांच्या जागतिक यादीत, २००८ साली आलं, त्यामुळे काही जुन्या फॉन्टांत ते नसतंच.

मग मांडणी. ओळींमधलं अंतर इंग्रजीच्या सवयीने ठेवू नका. वरची वेलांटी आणि खालचा उकार एकमेकांत अडकतात. अक्षराच्या आकाराच्या १.६ ते १.७ पट अंतर ठेवलं की मोकळं वाटतं. अक्षरांमधलं अंतर मात्र शून्य. इंग्रजी मथळे ऐसपैस दिसावेत म्हणून अक्षरं पांगवतात, तेच देवनागरीला केलं की शिरोरेषा तुटते आणि शब्द दात पडल्यासारखा दिसतो. तिरपी अक्षरंही टाळा. फॉन्टात तिरपं रूप नसलं की ब्राउझर सरळ अक्षरालाच ढकलून तिरपं करतो. आपल्याकडे कॅपिटल अक्षरं नाहीत, मग ठळकपणा आकाराने आणि वजनाने आणायचा. वजनं दोनच वापरा. प्रत्येक वजनाची वेगळी फाइल उतरते आणि देवनागरीच्या फाइली जोडाक्षरांमुळे जड असतात.

मजकूर जुन्या फॉन्टात आला तर? येतोच. आमच्या एका ज्येष्ठ सल्लागारांनी प्रास्ताविक श्रीलिपीत टाइप करून पाठवलं होतं, साइटीवर चिकटवल्यावर नुसतं भेंडोळं. युनिकोडमध्ये बदलून देणारी साधनं आहेत, पण त्यांच्यावर डोळे मिटून विसंबू नका. रफार एक घर सरकतो, ऱ्याचा र्या होतो, पहिली वेलांटी पुढच्या अक्षराला जाऊन बसते. बदललेला मजकूर मूळ छापील प्रत शेजारी ठेवून मोठ्याने वाचा, दोघांनी मिळून.

आकडे आणि पत्ता

मजकुरात आकडे देवनागरीच ठेवा, देखणे दिसतात. फक्त फोन नंबरला सांभाळा. देवनागरी अंक कॉपी करून डायलरमध्ये टाकले तर सगळे फोन ते घेत नाहीत. म्हणून दिसायला देवनागरी आणि मागच्या लिंकमध्ये इंग्रजी अंक, म्हणजे बोट ठेवलं की थेट फोन लागतो.

डॉट भारत हा देवनागरी पत्ता २०१४पासून मिळतो. आम्ही हौसेने घेतला. बॅनरवर झकास दिसतो, पण तो कॉपी करून दुसरीकडे चिकटवला की कधीकधी त्याचं मूळ तांत्रिक रूप, म्हणजे एक्सएन, दोन आडव्या रेघा आणि पुढे अगम्य अक्षरं, असं उघडं पडतं. लोकांना वाटतं व्हायरस आहे. मुख्य पत्ता साधा डॉट इन ठेवा, देवनागरी पत्ता तिकडे वळवा. नोंदणी कुणा एका स्वयंसेवकाच्या खासगी ईमेलवर करू नका. तो नोकरीला बाहेरगावी जातो आणि नूतनीकरणाची आठवण त्याच्या जुन्या इनबॉक्समध्ये पडून राहते. आमचा पत्ता असाच बारा दिवस बंद होता.

वेळापत्रक

वेळापत्रकाची पीडीएफ टाकू नका. फोनवर ती चिमटीने मोठी करत बसावी लागते, आणि बदल झाला की जुनी पीडीएफ व्हॉट्सॲपवर फिरत राहते ती राहतेच. तक्ताही नको, मोबाइलवर आडवा पळतो. वेळेप्रमाणे खाली खाली उतरणारी साधी यादी करा. प्रत्येक नोंद साधारण अशी:

'शनिवार, दुपारी २:३० ते ३:१५. खाली, मोठं सभागृह. पाटीवरचं अक्षर: पन्नास वर्षांचा हात. मराठीतून. प्रात्यक्षिक आहे, पुढच्या रांगेत रंग उडू शकतो.'

शेवटचं वाक्य विनोद म्हणून लिहिलं होतं. पण ते वाचून दोघी पांढरे कपडे टाळून आल्या. कुठल्या भाषेत हे लिहायला विसरू नका. आमच्याकडे बेळगाव, हुबळीहून मंडळी येतात, त्यांना ते आधी हवं असतं. एकाच वेळी वर-खाली दोन गोष्टी असतील तर रंगावर भागवू नका, 'वर' आणि 'खाली' असं शब्दांत लिहा. प्रत्येक व्याख्यानाला स्वतंत्र लिंक द्या. वक्ता ती आपल्या लोकांना पाठवतो आणि निम्मी जाहिरात तिथेच होते. चहा-जेवणाच्या वेळाही यादीत हव्यात.

बदल झाला तर जुनं पुसून गप्प बसू नका. 'बदल: ३ऐवजी ४ वाजता' असं त्या नोंदीच्या डोक्यावर लिहा आणि कधी बदललं ती वेळही टाका.

पाहुण्यांचं पान

सगळ्यात जास्त रुसवे इथे. कोण वर, कोण खाली? पहिल्या वर्षी मी 'मोठ्या' नावांना मोठे फोटो दिले आणि एका तरुण कॉमिक्सकाराने पान न पाहिल्यासारखं केलं. आता सगळे फोटो एका मापाचे, क्रम पहिल्या नावाच्या अकारविल्ह्याने. कुणी तक्रार केली तर बाराखडीकडे बोट दाखवायचं. श्री., सौ., ज्येष्ठ, सुप्रसिद्ध ही सगळी बिरुदं काढून टाकली. पद्म पुरस्कार तर नावाआधी-नंतर लावायचेच नसतात, तो उल्लेख खाली परिचयात येऊ दे. नाव देवनागरीत कसं लिहायचं ते ज्याचं त्याला विचारा. इंग्रजीवरून अंदाजाने लिहिलेलं नाव निम्म्या वेळा चुकतं.

परिचय साठ शब्दांचा आणि तृतीयपुरुषी मागवा, सोबत एक तयार नमुना पाठवा. नमुना नसेल तर एकाचे बारा शब्द येतात आणि दुसऱ्याचं आत्मचरित्र. पाटीवाल्या काकांकडे पासपोर्ट फोटो सोडून काही नव्हतं. त्यांच्या दुकानात जाऊन मी हाताचा फोटो काढला, बोटांत ब्रश, करंगळी पत्र्यावर टेकवलेली. त्या पानावर सर्वांत जास्त थांबले लोक.

चित्रांबद्दल तीन गोष्टी. छपाईसाठी केलेली चित्रं सीएमवायके, म्हणजे छपाईच्या चार शायांच्या, रंगांत येतात, ती ब्राउझरमध्ये भलत्याच रंगात दिसू शकतात. आधी एसआरजीबीत, म्हणजे स्क्रीनच्या रंगांत, बदला आणि चित्रकाराला दाखवून घ्या. रुंदी सोळाशे पिक्सेलच्या वर नको, वेबपी या हलक्या फाइलप्रकारात बदलून दीडशे-दोनशे केबीत बसवा. आणि प्रत्येक चित्राखाली नाव. 'सौजन्य: इंटरनेट' लिहाल तर कलाकारांच्या मेळ्यात तुम्हाला चहासुद्धा मिळणार नाही. परवानगी तोंडी घेतली असली तरी एक ओळ लेखी मागवून ठेवा, 'हे चित्र साइटीसाठी वापरा' एवढी पुरते. चित्र न दिसणाऱ्यासाठी मागे लिहायचं वर्णनही मी चित्रकारालाच लिहायला लावते. एकाने लिहिलं होतं, 'आजी, पण रागावलेली'. मी लिहिलं असतं तर 'वृद्ध स्त्रीचे रेखाचित्र' झालं असतं.

नावनोंदणी आणि पैसे

फॉर्ममध्ये चार रकाने: नाव, फोन, गाव, कुठली कार्यशाळा. जन्मतारीख, पत्ता, 'आमच्याबद्दल कुठून कळलं' यांचं तुम्ही पुढे काही करणार नसाल तर विचारू नका.

यूपीआयचा क्यूआर कोड मी हौसेने पानभर मोठा लावला होता. मग एका आजोबांनी विचारलं, "फोनवरचा कोड त्याच फोनने कसा स्कॅन करू?" लॅपटॉपवर बघणाऱ्याला कोड ठीक आहे. फोनवर बघणाऱ्याला बटण हवं, दाबलं की पैशाचं ॲप रकमेसकट उघडेल असं. खाली यूपीआय आयडी कॉपी करता येईल असा लिहा, कारण एखाद्या फोनवर बटण रुसतंच. पैसे परत मिळतील का, कधीपर्यंत, हे बटणाच्या वर लिहा, खाली नको. सवलत असेल तर दारात काय दाखवायचं तेही.

स्टॉलसाठी आम्ही गूगल फॉर्म केला आणि त्यात चित्रं चढवायची सोय ठेवली. तसं केलं की भरणाऱ्याला गूगल खात्यात शिरावं लागतं. पासवर्ड विसरलेली निम्मी ज्येष्ठ मंडळी तिथेच अडकली. दुसऱ्या वर्षी साधं लिहिलं, 'तीन चित्रं व्हॉट्सॲपवर पाठवा', आणि मी ती हाताने नोंदवली. एक संध्याकाळ गेली, पण अर्ज आले. स्टॉलचं माप, टेबल कुणाचं, वीज आहे का, विक्रीतला वाटा घेणार का, हेही स्पष्ट हवं. आम्ही घेत नाही.

आणि माझी सगळ्यात लाजिरवाणी चूक. नोंदणीची यादी मी 'लिंक असलेल्या सर्वांना दिसेल' अशी ठेवली आणि ती लिंक स्वयंसेवकांच्या ग्रुपवर टाकली. तिथून ती कुठे गेली देव जाणे. दोनशे जणांचे नंबर उघडे. तिसऱ्या दिवशी कुणालातरी त्यावरून विम्याचा फोन आला तेव्हा कळलं. यादी बंद करून मी सगळ्यांना माफीचा निरोप पाठवला. २०२३चा वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा तर आहेच, पण ज्यांनी विश्वासाने नंबर दिला त्यांच्यासमोर रविवारी चहा घेत उभं राहणं जास्त जड गेलं. आता यादी तिघांनाच दिसते आणि महिन्याभरात पुसते.

कसं पोचायचं

नकाशा चिकटवून मोकळं होऊ नका. नकाशावरची आमच्या सभागृहाची खूण मागच्या फाटकावर होती, आणि ते फाटक कायम बंद. लिहून सांगा, जसं दारात उभं राहून सांगाल तसं. स्टेशनातून रिक्षावाल्याला काय म्हणायचं, मध्यवर्ती बसस्थानकातून चालत यायचं तर कुठे वळायचं, दुचाकी कुठे लावायची, पायऱ्या किती, चाकाची खुर्ची कुठून आत येते, बायकांचं स्वच्छतागृह कुठल्या मजल्यावर. महालक्ष्मीने येणारे सकाळी लवकर पोचतात आणि आमचं दार नऊला उघडतं. मधल्या वेळात अंघोळ कुठे होईल आणि मिसळ कुठे मिळेल हेही लिहिलं. साइटीतला तो परिच्छेद समितीला 'गंभीर' वाटला नाही. दुसऱ्या वर्षी सकाळी फोन आले दोन. त्यांपैकी एकाला मिसळीचं दुसरं ठिकाण सुचवायचं होतं.

लिंक पाठवायच्या आधी

आपल्याकडे साइट शोधून कमी उघडतात, व्हॉट्सॲपवर आलेल्या लिंकवरून जास्त. लिंकबरोबर जो छोटा फोटो दिसतो तो मुद्दाम तयार करा: १२०० बाय ६३० पिक्सेल, तीनशे केबीच्या आत, त्यावर नाव आणि तारीख मोठ्या अक्षरांत. हा फोटो नंतर बदलला तरी व्हॉट्सॲप बराच वेळ जुनाच दाखवतं. तेव्हा लिंकच्या शेवटी एक प्रश्नचिन्ह आणि कुठलाही आकडा जोडून पाठवा, नवा येतो.

साइट कशात बनवायची? समितीतल्या ज्या माणसाला रात्री अकराला बदल करावा लागणार आहे, त्याला जे जमतं त्यात. वर्डप्रेस येत असेल तर वर्डप्रेस. मी साधी एचटीएमएलची पानं केली, गिटहब पेजेस या साइटी ठेवायच्या सेवेवर फुकट ठेवली. होमपेज एक एमबीच्या आत. ब्रश अजून आहे, पण स्थिर चित्र म्हणून, चाळीस केबीचा.

चाचणी अशी घ्या. घरातला सगळ्यात जुना फोन शोधा, वायफाय बंद करा, उन्हात उभे राहा. मग फोन अशा माणसाच्या हातात द्या ज्याला मेळ्याचं काही माहीत नाही, आणि तीनच प्रश्न विचारा: हे कधी आहे, किती पैसे, कसं जाशील? मध्ये बोलायचं नाही. माझी जीभ शिवशिवत होती. मावशी दीड मिनिट बटण शोधत होती. ते बटण होतं, पण मी त्याला इतकं नाजूक केलं होतं की तिला ती नुसती नक्षी वाटली. 'जागा राखा' असं ठसठशीत लिहिलं, भरीव रंग दिला, मग सापडलं.

मेळा संपल्यावर

सोमवारी सकाळी होमपेज बदला. तारीख उलटलेली साइट पाहिली की लोकांना वाटतं मंडळ बुडालं. 'झाला मेळा' असं लिहा, फोटो, व्याख्यानांची चित्रफीत असेल तर ती, आणि पुढची तारीख ठरली नसेल तर तसं. जुनं वर्ष पुसू नका. पत्त्यात साल घालून ते तसंच ठेवा. अक्षरवाल्यांची टायपोग्राफी डे ही परिषद वेगवेगळ्या ठिकाणी भरत आलीय, २०१४मध्ये ती पुण्यात होती. आधी कोण काय बोललं हे असंच वर्षावार बघता येतं म्हणून पुढच्यांना उपयोग होतो. शिवाय आमच्या कॉमिक्सवाल्या मुलाला शिष्यवृत्तीच्या अर्जात 'येथे व्याख्यान दिले' म्हणून जोडायला त्याचं पान हवं होतं. ते जागेवर होतं.

होमपेजच्या तळाशी मी 'सापडलेल्या वस्तू' असा एक रकाना केला. एक चष्मा, दोन छत्र्या (जानेवारीत!), ब्रशांची एक गुंडाळी आणि निळ्या झाकणाचा स्टीलचा डबा. चष्मा दुसऱ्या दिवशी गेला. ब्रशांसाठी साताऱ्याहून एक मुलगी स्वतः आली, चहा पिऊन गेली. डबा अजून माझ्या ओट्यावर आहे. झाकणावर आतून नेलपॉलिशने 'शि' लिहिलंय. देठाच्या श चा.